तळघरातलं पाणी बाहेरच अडवा



गळीत हंगाम आटोपला की मृगापर्यंत घरदुरुस्तीला थोडी सवड मिळते. त्या सवडीत करण्याच्या एका कामाबद्दल इथे लिहीत आहोत.

पावसाळ्यात पुष्कळांच्या तळघरात, पेवात पाणी उतरतं. वर्षाची ज्वारी, बियाणं, खताची पोती भिजतात. मग आपण गवंडी बोलावतो आणि आतून सिमेंटचा गिलावा करतो. एक-दोन पावसाळ्यांत तो फुगून पडतो. पाणी येतं बाहेरून आणि इलाज होतो आतून, मग दुसरं काय होणार? भिंतीमागं साचलेलं पाणी गिलाव्याला मागून ढकलतच राहतं.

जुने लोक गावठाणाला पांढरी म्हणत आणि शेताला काळी. घरं पांढरीत, पीक काळीत. आता गावठाण पुरेना, म्हणून आपण काळीत घरं बांधतो. आपल्या परभणी जिल्ह्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भिंतीलगत पाहा, हात जाईल एवढी भेग पडलेली दिसेल. पहिल्या पावसाचं पाणी या भेगेतून थेट पायापर्यंत जातं. पुढे माती फुगून भेग मिटते, पण आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही.

हे पाणी थोडंथोडकं नसतं. हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी होतं, म्हणजे दोनशे लिटरची अकरा-बारा पिंपं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी आपण पाहिली. तसल्या पावसात पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडत असेल, तर तळघर कोरडं राहील कसं?

आधी दुखणं ओळखा. जोराच्या पावसात डोक्यावर पोतं घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठं पडतं, कुठं तुंबतं, ते पाहून ठेवा. तळघरात पाणी पावसानंतर काही तासांत येत असेल, तर ते बहुधा वरचं पाणी. पाऊस नसतानाही येत असेल, तर न्हाणी, मोरी किंवा नळाची गळती पाहा. जायकवाडीचा डावा कालवा किंवा पूर्णा प्रकल्पाचा कालवा जवळ असेल आणि पाळी सुटल्यावर पाणी वाढत असेल, तर तो पाझर समजावा. पाझराला खालचे उपाय पुरत नाहीत. त्यासाठी जाणत्या अभियंत्याला जागा दाखवावी. कधी कधी पेव मुरूम घालून बुजवणंच शहाणपणाचं ठरतं.

वरच्या पाण्यासाठी कामं या क्रमानं करावीत :

१. पन्हाळीला पाइप जोडून पाणी भिंतीपासून निदान दहा फूट लांब सोडावं.

२. भिंतीलगतची दोन-तीन फूट रुंदीची काळी माती फूटभर खोल काढावी. तिथं मुरूम थराथरानं, पाणी मारून, धुम्मसानं चोपावा. वर शहाबादी फरशी बसवून सांधे भरावेत.

३. अंगणाला घरापासून बाहेर उतार द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरतो. पाण्याच्या नळीनं लेव्हल घ्यावी, नजरेवर जाऊ नये.

४. वरच्या अंगाचं पाणी घराकडं येत असेल, तर ते आडवा चर काढून बाजूनं वळवावं. उसाच्या फडात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतोच, मग घराला तो का नको?

५. मोरीचा शोषखड्डा आणि केळी-अळूचे वाफे भिंतीपासून लांब न्यावेत. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, म्हणून तो मुरूम लागेपर्यंत खणावा.

गावातला रस्ता थरावर थर चढून उंच होतो आणि अंगण खाली राहतं. रस्त्याचं काम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत उंचीचा आणि बाजूच्या गटारीचा प्रश्न मांडावा. मागाहून भांडून रस्ता खाली येत नाही. आपलं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये, हे तर सांगायलाच नको.

आता जिवाच्या गोष्टी. पायालगत पायापेक्षा खोल चर खणू नये, भिंत खचते. तळघर भरलं असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये. बाहेरची जमीन चिंब असताना सगळं पाणी एका दिवसात उपसू नये, बाहेरच्या दाबानं भिंत आत येते. फूटभर उपसून थांबावं, मग पुढं. आणि पेवात एकट्यानं कधी उतरू नये. भिजलेल्या धान्यानं आत विषारी हवा धरते आणि माणूस हाक मारायच्या आत पडतो. कुणी पडलाच, तर त्याला काढायला दुसऱ्यानं तशीच उडी घेऊ नये. कंदील विझला तर धोका नक्की, पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असंही नाही. पेव उघडं ठेवून, पंख्यानं भरपूर हवा घातल्याशिवाय आत जाऊ नये.

या कामाला लागतात मुरूम, फरशी, पाइप आणि घरच्या माणसांचे हात. एवढं करून एक पावसाळा जाऊ द्यावा. तळघर कोरडं राहिलं, तर मग आतला गिलावा खुशाल करावा, तो टिकेल. सभासदांनी यंदा मृगाआधी आपापल्या घराभोवती एकदा फावडं घेऊन फिरावं, एवढीच विनंती.