जाळावे काय, राखावे काय?

कचऱ्याच्या विल्हेवाटीवर एवढा खर्च कशासाठी, अशी पृच्छा गेल्या वार्षिक सभेत एका देणगीदारांनी केली. प्रश्न रास्त होता. आमचे त्या वेळचे उत्तर मात्र अपुरे होते.

रुग्णालयातील सर्व कचरा घातक असून तो जाळणेच सुरक्षित, असा समज आहे. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यातील सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जातात. सलाइनच्या बाटल्या, नळ्या व हातमोजे यांसाठी लाल पिशवी असते. हे प्लॅस्टिक दाबाखालील वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून मगच पुनर्वापरासाठी दिले जाते. हेच प्लॅस्टिक पिवळ्या पिशवीत गेले, तर त्यातील क्लोरीनमुळे डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान व धूर तेथे किमान दोन सेकंद राहणे बंधनकारक करण्यात आले.

मग शक्य ते सारे भंगारात विकून चार पैसे मिळवावेत काय? हिशेबनिसाच्या मनात हा विचार येतोच. आमच्याही आला होता. परंतु २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने ‘ब’ प्रकारच्या काविळीची साथ पसरली व अनेकांचे प्राण गेले. निर्जंतुक न केलेली सिरिंज विकून येणारे चार पैसे आम्हांस नकोत.

उरला ओला कचरा. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये शहराचा कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प उभारला गेला. कचऱ्यात ज्वलनमूल्यच नसल्याने तो अल्पावधीत बंद पडला. ओले जाळण्यास उलट इंधन लागते. आमच्या कक्षांतील पिवळ्या पिशव्यांत केळीच्या साली व डब्यातील उरलेला भात निघतो. प्रक्रिया केंद्राचे शुल्क आम्ही वजनावर देतो. म्हणजे तो भातही आपल्या देणगीतूनच जळतो.

दोष नातेवाइकांचा नव्हे. खाटेजवळ केवळ पिवळी पिशवीच ठेवलेली असे. आता प्रत्येक कक्षाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपालगत, अन्नासाठी हिरवी बादली ठेवली आहे. डबा कृपया तेथेच रिकामा करावा.