कळलावी : कळ कोणाची, विष कोणाचें ?

श्रावण-भाद्रपदांत बांधावरील कुंपणाच्या आधारानें चढणारी कळलावी शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. पानाच्या टोंकाचाच ताणा करून ती शेजारच्या झुडुपास विळखा घालते. तिच्या कडा मुरडलेल्या सहा पाकळ्या आरंभीं पिवळट असून पुढें तांबड्या होतात व उलट्या वर वळतात, त्यामुळें फूल ज्वाळेसारखें दिसतें. म्हणून संस्कृतांत ती अग्निशिखा, आणि कंद नांगराच्या आकाराचा म्हणून लांगली. आपल्याकडे खड्यानाग असेंही तिला म्हणतात. तामिळनाडूनें तर तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

मराठी नांवांत मात्र तिची बदनामी आहे. कळ म्हणजे भांडण, व तें लावणारी ती कळलावी. तिचें फूल घरांत आणलें तर त्या घरांत तंटा होतो, अशी समजूत आहे. दुसरा अर्थ फारसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. कळा म्हणजे प्रसूतीच्या वेणा. अडलेल्या बाईस वेणा याव्यात म्हणून कंद उगाळून लावण्याचा प्रघात जुन्या काळीं होता. गर्भपातिनी हें संस्कृत नांव त्याचीच साक्ष देतें.

मी महसुली कारकून असतांना एका बांधाच्या तंट्याचे कागद माझ्याकडे आले. दोघे चुलत भाऊ. “यानेंच माझ्या कुंपणांत कळलावी लावली, तेव्हांपासून घरांत सुख नाहीं,” असें धाकटा शपथेवर सांगे. मोजणी झाली तेव्हां थोरल्याचा नांगर दर सालीं बांध थोडाथोडा कोरीत आल्याचें उघड झालें. कळ लांगलीनें नव्हे, नांगरानें लावली होती.

परंतु तत्पूर्वींच धाकट्यानें रागाच्या भरांत वेली खणून कंद बांधावर टाकून दिले होते. परगांवाहून नुकत्याच आलेल्या सालगड्याच्या मुलानें ते रताळीं समजून निखाऱ्यांत भाजून खाल्ले. कांहीं तासांतच घसा जळूं लागला, ओकाऱ्या व जुलाब थांबेनात. त्याच रात्रीं दवाखान्यांत नेल्यामुळें मुलगा वांचला; पण पंधरवड्यांत डोक्याचे सर्व केस झडले. पुढील तारखेस तो तसाच बापामागें कचेरींत उभा असलेला मीं पाहिला. त्याचा जबाब कोणी लिहून घेतला नाहीं, कारण तंटा बांधाचा होता.

या विषाचें नांव कोल्चिसीन. तें सबंध वेलींत असतें, व कंदांत आणि बियांत विशेष. शरीरांतील पेशींची विभागणी तें थांबवितें. म्हणून आंतडें, रक्त व केस यांवर त्याचा घाव पडतो. त्यास सहज मिळणारा उतारा नाहीं. हेंच द्रव्य अत्यल्प, मोजक्या प्रमाणांत डॉक्टर वातरक्तावर देतात, आणि त्यासाठींच तामिळनाडूंतील शेतकरी बियांकरितां कळलावीची लागवड करतात. याच द्रव्यानें वनस्पतींतील गुणसूत्रें दुप्पट करतां येतात, हें ब्लेकस्ली व एव्हरी यांनीं १९३७ सालीं दाखविलें. बिनबियांचें कलिंगड हें त्याच युक्तीचें फळ होय.

सबब सूचना इतकीच कीं, बांध दुरुस्त करतांना निघालेले कंद उघड्यावर टाकूं नयेत. मुलांस व नव्या गड्यांस वेल प्रत्यक्ष दाखवावी. वेणांसाठीं वा अन्य घरगुती उपचारासाठीं तिला हात लावूं नये. कोणी चुकून खाल्ल्यास घटकाभरही न दवडतां, वेलीचा तुकडा बरोबर घेऊन दवाखाना गांठावा. भांडणाच्या भयानें मात्र ती समूळ उपटण्याचें कारण नाहीं; औषधासाठीं बेसुमार खणल्यानें ती अनेक रानांतून आधींच विरळ झाली आहे.

कुंपणांतील कळलावी कुंपणांत राहूं द्यावी. बांध तेवढा कोरूं नये.