आकाशांतील रुग्णवाहिका आणि रुग्णाचा श्वास

डोक्यास जबर मार बसून मनुष्य बेशुद्ध पडला, कीं त्याची जीभ सैल होऊन मागें घसरते व घसा बुजवून टाकते. त्यांत रक्त किंवा ओकारी आली, तर विचारावयासच नको. प्राणवायूवांचून मेंदूस चार-पांच मिनिटांपलीकडे सहसा तग धरवत नाहीं. मोडलेलें हाड बसविण्यास थोडा उशीर झाला तरी निभावतें. श्वासाचा मार्ग मात्र तेथल्या तेथें, रस्त्यावरच, मोकळा झाला पाहिजे.

कोरियाच्या युद्धांत (१९५०-५३) जखमी शिपायाला हेलिकॉप्टरच्या बाहेर, बाजूस बांधलेल्या स्ट्रेचरवर निजवून नेत. वाटेंत त्याचा श्वास अडला, तर वैमानिकास कांहींच करतां येत नसे. लंडनमध्यें १९८९ पासून चालू असलेली हवाई रुग्णवाहिका रुग्णाला डॉक्टरकडे नेण्याआधीं डॉक्टरलाच रुग्णाकडे नेते.

या डॉक्टरच्या पिशवींत प्रथम हाताशीं येतें तें घशांतील घाण ओढून घेणारें यंत्र. नंतर तोंडावर धरावयाचा मास्क व त्यास जोडलेली, दाबली कीं आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी. डेन्मार्कच्या हेनिंग रुबेन यांची ही १९५६ सालची देणगी. घसा पाहण्याचा लॅरिंगोस्कोप अद्यापि बहुधा रॉबर्ट मॅकिंटॉश यांच्या १९४३ सालच्या वक्र पात्याचाच असतो. आतां त्याच्या टोकाशीं चिमुकला कॅमेरा बसवितात, एवढेंच. श्वासनलिकेचें तोंड नीट दिसत नसल्यास आधीं बूजी नांवाची लवचीक कांडी आंत सारतात आणि तिच्यावरून ट्यूब सरकवितात. तेंही न साधलें, तर स्वरयंत्राच्या मुखाभोंवतीं बसणारा फुगीर मास्क. तो लंडन हॉस्पिटलांतील डॉ. आर्ची ब्रेन यांनीं १९८१ मध्यें कल्पिला. आज याच रुग्णालयाच्या गच्चीवर हें हेलिकॉप्टर उतरतें! सर्वच उपाय खुंटले, तर शेवटीं गळ्यास बाहेरून छेद देण्यासाठीं सुरी असते.

या वस्तु शोधण्यांत वेळ जाऊं नये म्हणून पुष्कळ पथकें त्या एका कापडावर मांडतात. त्यावर प्रत्येकीची आकृति छापलेली असते. मग एकानें यादी मोठ्यानें वाचावयाची व दुसऱ्यानें उत्तर द्यावयाचें. अनुभवी डॉक्टरही यांत कमीपणा मानीत नाहींत, आणि तेंच योग्य.

हें सर्व शक्यतों जमिनीवरच उरकतात, कारण आंतल्या अडचणींत रुग्णाच्या डोक्याशीं नीट बसतांही येत नाहीं. शिवाय पंख्याच्या घरघराटांत स्टेथॉस्कोप निरुपयोगी होतो. ट्यूब श्वासनलिकेंत आहे कीं चुकून अन्ननलिकेंत, हें कळावें कसें? उच्छ्वासांतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारें यंत्र प्रत्येक श्वासाची लाट पडद्यावर काढतें. लाट नाहींशी झाली, कीं ट्यूबकडे धांवावयाचें. डोंगराळ मुलखांत आणखी एक भानगड असते. हजार मीटर चढलें, कीं हवेचा दाब सुमारें एकदशांशानें घटतो. ट्यूबभोंवतींचा फुगा फुगून श्वासनलिकेचें नाजुक अस्तर दाबूं लागतो. म्हणून त्याचा दाब छोट्या मापकानें वरचेवर पाहावा लागतो, आणि उतरतांना तो सैल पडला नाहीं ना, हेंही.