हजेरीपटावरचा चोर

विज्ञानाच्या बाई शाळेच्या व्यायामशाळेत मरून पडल्या आहेत. हेझल वाँग ही विद्यार्थिनी ते बघते, पळत जाऊन मैत्रिणीला घेऊन येते, तर तिथं कुणीच नाही. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक' या २०१४ साली आलेल्या कादंबरीचं कोडं असं सुरू होतं. काळ १९३४चा आणि जागा म्हणजे इंग्लंडमधली डीपडीन ही बड्या घरच्या मुलींची निवासी शाळा. कबनूरला शनिवारी दुपारी माझ्या सोप्यात जमणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न खुन्याबद्दल आलाच नाही. "बाई, एवढं झालं तरी घरचे न्यायला का आले न्हाईत?"

पोरानं नेमकं बोट ठेवलं. घरचे आले की गोष्ट संपते. मुलांच्या रहस्यकथेत पहिली अडचण आईबापांचीच. ते रात्री बाहेर सोडत नाहीत आणि संकट आलं की स्वतः पुढं होतात. निवासी शाळा त्यांना एका फटक्यात लांब ठेवते. शिवाय तिथं कुंपण असतं, म्हणजे संशयित मोजकेच. आणि घंटा असते. कोण किती वाजता कुठं होतं, हे शोधायला पोलिसांना चार दिवस लागतात. शाळेत ते वेळापत्रकावर आणि हजेरीपटावर आयतं मिळतं. जो तासाला नव्हता, त्याच्यापासून तपास सुरू करायचा.

शाळा श्रीमंत असली की आणखी एक सोय होते. शाळेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मोठी माणसं प्रकरण दाबायला बघतात, मग खरं शोधायचं काम पोरांवरच येतं. त्यातही हेझल हाँगकाँगहून आलेली. बाकीच्या मुलींना जे रोजचं वाटतं, ते हिला खटकतं. एरिक केस्टनरच्या १९२९च्या जर्मन कादंबरीतला एमिलही असाच, लहान गावातून बर्लिनला निघालेला. आगगाडीत त्याचे पैसे चोरीला जातात. त्यानं नोटा कोटाला टाचणीनं अडकवल्या होत्या. ती भोकंच चोराला पकडून देतात.

अशा शाळा आपल्याकडंही आहेत. पाचगणीला इंग्रजांच्या काळापासून आहेत. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, तिथंच सेंट पीटर्समध्ये शिकला. पण मराठी मुलांचा सर्वांत लाडका गुप्तहेर पाचगणीचा नाही. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) तो फुरसुंगीहून आणला. बनेश ऊर्फ फास्टर फेणे, सडपातळ, सायकलवर सुसाट सुटणारा, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात तो घरोघरी पोचला. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघनं मोठा झालेला फास्टर फेणे रंगवला. खेड्यातलं पोरगं शहरात येतं आणि शहरातल्यांना न दिसलेलं बघतं, ही युक्ती भागवतांना महागड्या शाळेशिवाय साधली.

आमच्या कोल्हापूर भागाला हे पटायला जड नाही. शाहू महाराजांनी १९०१मध्ये मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग झालं. इथं बोर्डिंगात जायची ती खिशात पैसा नसलेली पोरं. माझे वडील अशाच एका बोर्डिंगात शिकले. एकदा एकाच्या घरून आलेला लाडवांचा डबा रातोरात रिकामा झाला. सगळे एकमेकांच्या ट्रंका उचकत बसले. वडिलांनी काहीच उचकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंगतीत भाकरी कोण नको म्हणतो, तेवढं बघितलं.

मग मी पोरांना म्हटलं, आता तुम्हीच एक रहस्य रचा. जागा बंदिस्त पाहिजे, वेळेला बांधलेली पाहिजे. त्यांनी शाळा घेतलीच नाही. यंत्रमागाचा कारखाना घेतला. दिवसपाळी, रातपाळी, दिवाणजीची वही, मोजकी माणसं. लेखकाला लागतं ते सगळं आमच्या गल्लीत तयार आहे. रातपाळीत कापडाचा एक ताका गायब होतो. दिवाणजीच्या वहीत सगळे माग रात्रभर चालू. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी सहावीतली मुलगी म्हणते, खोटं आहे, कोपऱ्यातला माग मध्येच बंद होता, मला त्यानंच जाग आली. खडखडाटात जन्म काढलेल्या पोरीला आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं जाग येते. डीपडीनच्या हुशार पोरींना हा पुरावा सापडला नसता.