खडकवासल्यात एक कटिंग

पावसाळ्यात पुणेकराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो खडकवासल्याचा आकडा सांगेल. धरण भरलं की १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५,६०० कोटी लिटर. आता काठावर उभं राहून त्यात एक कटिंग चहा ओता आणि अख्खं धरण नीट ढवळा. चहाचं प्रमाण झालं लाख कोटी भागांत साधारण एक भाग.

अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठात जेरी ब्रॉमेनशेंक आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांना सुरुंग हुंगायला शिकवलं. माश्यांना कळत होता तो वास अशा काही डझन कटिंगांइतका. पन्नास धरा, साठ धरा. धरणाला काय फरक पडतो?

हा वास खरं तर सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा नसतोच. टीएनटीची वाफ जेमतेम होते. पण तो बनवताना त्यात थोडा डीएनटी राहून जातो, तो सुरुंगाच्या कवचातून झिरपतो, मातीत मुरतो आणि हळूहळू हवेत येतो. माशी पकडते ती ही भेसळ.

पकडते कशाने? डोक्यावरच्या दोन शृंगिकांनी. एकेका शृंगिकेत वासाच्या सुमारे ६०,००० चेतापेशी. मागे मेंदू जेमतेम एक घन मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात दहा लाखांच्या आतबाहेर पेशी. आपल्या मेंदूत ८,६०० कोटी. वास टिपणाऱ्या प्रथिनांचे प्रकारही आपल्याकडेच जास्त, सुमारे ४००, तिच्याकडे १७०. तरी हुंगायला बोलावणं तिलाच.

शिकवणी पाहण्यासारखी असते. गारठवून सुस्त केलेली माशी एका बारीक नळीत बसवतात, डोकं तेवढं बाहेर. शुद्धीवर आली की काही सेकंद वासाची हवा सोडायची आणि लगेच काडीने साखरपाण्याचा थेंब शृंगिकेला लावायचा. सोंड आपोआप बाहेर येते, थेंब चाटते. असं तीन-चार वेळा झालं की नुसत्या वासावरच सोंड बाहेर! लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये हीच सोंड कॅमेऱ्याने टिपत डायनामाइट आणि सी-४ ही स्फोटकं ओळखून दाखवली.

शेतात मात्र माशी मोकळीच हवी. पोळ्याजवळ ठेवलेल्या साखरपाण्यालाच डीएनटीचा पुसट वास दिला की दोन-एक दिवसांत कामकरी माश्या तो वास म्हणजे खाणं, असं धरून चालतात आणि सुरुंगावर घुटमळू लागतात. पायाखालचा सुरुंग उडायला साधारण पाच किलोंचा तरी भार लागतो. एका ग्रॅममध्ये दहा माश्या मावतात, म्हणजे ५०,००० माश्या, जवळजवळ अख्खं पोळं, एका क्षणी एकाच सुरुंगावर बसावं लागेल. सुरुंग हुंगणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत एवढी निश्चिंती नाही.

आता त्या माश्या मोजायच्या कशा? २००३ मध्ये मिझुरीतल्या फोर्ट लिओनार्ड वूड इथे, निकामी केलेले सुरुंग पुरलेल्या जमिनीवरून लेझरचा झोत फिरवून माश्यांवरून परतणारा प्रकाश टिपला गेला. माश्यांची दाटी कुठे होते त्याचा नकाशा निघाला. पण गवत वाढलं की तेही लेझरला माशीसारखंच दिसतं. शिवाय पाऊस, थंडी, रात्र, या तिन्ही वेळा माशीची सुट्टी.

क्रोएशियात नव्वदच्या दशकातल्या युद्धाचे सुरुंग जमिनीत राहिले. तिथे झाग्रेब विद्यापीठाचे निकोला केझिच यांनी जाळीच्या तंबूत साखरपाणी आणि टीएनटीचा वास यांची सांगड घालून माश्या तयार केल्या. तिथेही अडचण नाकाची नव्हती. सुरुंगाखाली साखर नसते. वास येतो, माशी उतरते, काही मिळत नाही. पुन्हा येते, पुन्हा काही नाही. काही फेऱ्यांनंतर ती त्या वासाकडे पाठ फिरवते आणि शेजारच्या फुलांवर जाते. मग पेटी उचलून परत साखरपाण्यापाशी न्यावी लागते.