चमचा, बाटली आणि बाळाचे वजन

वसई किल्ल्यालगतच्या पाचूबंदर या कोळीवाड्यात बाप बोटीवर आणि आई मासळीबाजारात असताना तापलेले मूल बहुधा आजीच्या मांडीवर असते, आणि औषध किती पाजायचे हा प्रश्नही तिच्यापुढेच येतो. पॅरासिटामॉल या तापावरच्या औषधाची मात्रा खरे तर मुलाच्या वजनावर ठरते, एका वेळी दर किलोमागे साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम. परंतु एका बाटलीत 5 मिलिलिटरमागे 120 मिलिग्रॅम, तशाच दिसणाऱ्या दुसरीत 250, तर तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असल्यामुळे बाटली बदलली की ‘एक चमचा’ या शब्दांचा अर्थच बदलतो, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर कोणत्याच मापाचा नसतो. सोबत आलेले मापाचे टोपण हरवते, ही तक्रार क्षुल्लक मानणाऱ्याने रात्री दोन वाजता ते शोधून पाहावे. जुलाबात उपयोगी पडणाऱ्या जलसंजीवनीचे, म्हणजे क्षार व ग्लुकोजच्या मिश्रणाचे, मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवावे लागते आणि उरलेले पाणी 24 तासांनी ओतून द्यावे लागते. मूल मात्र दोन घोटांतच तोंड फिरवते. जुलाब थांबले तरी जस्ताची गोळी एकूण 14 दिवस द्यायची असते, आणि वाळत घातलेल्या बोंबलांखालून पळणाऱ्या मुलाला धरून ती पाजणे आजारपणापेक्षाही जिकिरीचे ठरते.