सुरतेला उतरलेला विद्यार्थी

२५ मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला विनायक नरहरी भावे हा वीस वर्षांचा विद्यार्थी सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. परीक्षेला न बसता दुसरीकडे जातो आहे, एवढं त्यानं वडिलांना पत्रानं कळवलं. हेच पुढे विनोबा झाले. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा त्या उतरण्यापाशी थांबतो. कॉलेज सोडायचं की पुरं करायचं, या विचारात असलेल्याला मात्र त्या उतरण्याच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त उपयोगी आहे.

आधीचं असं की, आपली प्रमाणपत्रं विनोबांनी घरच्या चुलीत घातली होती. पुढे कधी लागतील, असं आई म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ब्रह्मचर्याचा संकल्प त्यांनी दहाव्या वर्षीच केला होता. वडील नोकरीत होते, घर विनोबांच्या कमाईवर चालायचं नव्हतं. ज्याच्या पगाराकडे घरात कुणी डोळे लावून बसलेलं आहे, त्यानं ही चूल पेटवण्याआधी हा फरक नीट पाहावा.

काशीच का? हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही त्यांना खुणावत होत्या आणि काशी दोन्हींच्या वाटेवर होती. म्हणजे पहिलं पाऊल असं टाकलं, की पुढचं कुठं टाकायचं हे तिथं पोचल्यावरही ठरवता यावं.

मग पोटाचं. दुपारी अन्नछत्रात जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या पैशांत रात्रीसाठी दही आणि रताळी. थोडं इंग्रजी शिकवून किरकोळ मिळकत. उरलेला वेळ ग्रंथालयात नाही तर गंगेकाठी. धाडस किती दिवस टिकेल हे मनाच्या जोरापेक्षा अशा हिशेबावर जास्त ठरतं, असं मला वाटतं. ते दिवस सोपे नव्हते. बरोबर आलेला एक मित्र काशीतच वारला आणि विनोबांनी त्याला गंगेकाठी अग्नी दिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या सोहळ्यात गांधींनी केलेलं भाषण तिथं त्यांच्या वाचनात आलं. भारावून त्यांनी लगेच गाडी धरली नाही. शंका लिहून पाठवल्या, उत्तर आल्यावर पुन्हा शंका विचारल्या. गांधींनी आश्रमात येऊन पाहा म्हणून कळवलं, तेव्हा ते निघाले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात भेट झाली. पत्रं लिहून प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची ही पायरी कुठल्याही वाटेवर घेता येते. नाटक असो, गाणं असो, स्वतःचा धंदा असो, त्यात राबणाऱ्या माणसाला आपले खरे प्रश्न विचारावेत आणि थोडे दिवस त्याच्याजवळ राहावं.

आज प्रमाणपत्र न जाळताही बाहेर पडता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केला, की सर्टिफिकेट मिळतं. दुसऱ्या वर्षाअखेर ८० क्रेडिट झाल्यावर तशाच अटीवर डिप्लोमा, १२० क्रेडिटला पदवी. मध्येच सोडलं तर तीन वर्षांच्या आत परतता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. आपल्या कॉलेजात हे कसं लागू आहे, ते परीक्षा विभागात लेखी विचारून घ्यावं. वर्षाच्या मधोमध उठून जाण्यापेक्षा वर्ष पुरं करून निघणं का बरं, ते या आकड्यांतच दिसतं.

आणि विनोबांचं शिक्षण? कॉलेज सोडल्यावर थोड्याच काळात त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा मागितली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांजवळ बसून उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं अभ्यासली. वर्ष भरलं त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले.